नाळेच्या माथी

मी फटकळ आहे, हे मला लहानपणापासून इतक्या जणांनी ऐकवलंय की त्यात आता काही गुपित राहिलेलं नाही. लेबर रूममध्ये हा स्वभाव कामाला येतो. कळा देणाऱ्या बाईशी गोड बोलून काम होतं असं म्हणतात, मला तरी ते कधी जमलं नाही. मी ओरडते. जोर लाव, आता नको, श्वास सोड, आता लाव. बाळ झालं की त्याच बाया माझा हात धरून रडतात. नांदेड जिल्ह्यात, धर्माबादकडच्या एका गावच्या आरोग्य केंद्रात नर्स म्हणून माझी बरीच वर्षं गेली. तिथल्या बाया मला ‘वरडणारी सिस्टर’ म्हणायच्या आणि तरी माझी ड्यूटी कधी आहे हे विचारूनच यायच्या. मला त्याचा गर्व होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात त्या गर्वाचाही हात आहे.

तीन वर्षांपूर्वी तिथे माझ्या हातून एक बाळंतीण गेली. तिचं मरण मी नाळेच्या माथी मारलं, आणि सगळ्यांनी ते मानलं. खरं काय झालं ते मला एकटीला माहीत होतं.

मी शिकले लातूरला. आमच्या शिकवणाऱ्या सिस्टर करड्या शिस्तीच्या होत्या. त्यांनी आम्हाला एकच क्रम घोटून घोटून शिकवला. बाळ बाहेर आलं की नाळेला एक चिमटा, जरा पुढे दुसरा चिमटा, मध्ये कात्री. बाळ आयाबाईच्या हातात, आणि लगेच आईच्या मांडीत सुई. या सुईने गर्भाशय आकसतं, नाळेच्या मुळाशी असलेली वार पडते, रक्त थांबतं. नाळ झटक्यात कापायची तीसुद्धा आईसाठीच, असं तेव्हा शिकवत. लवकर कापली की वार लवकर सुटते, बाईचं रक्त कमी जातं. आम्ही मुली हॉस्टेलकडे परत जाताना डाळ मिलच्या धुरळ्यातून नाकाला पदर लावून चालायचो आणि तेवढंच पुटपुटायचो, चिमटा, चिमटा, कात्री, सुई. परीक्षेत माझा हात सगळ्यांत जलद होता. पुढे नोकरीत तो आणखी जलद झाला. बाळाचं पहिलं रडणं संपायच्या आत माझी कात्री खाली ठेवलेली असायची.

गावात मात्र नेमकी उलटी रीत. वार पडल्याशिवाय नाळ कापायचीच नाही. आधी कापली तर वार आत वर चढते आणि काळजाला जाऊन बसते, असं तिथल्या म्हाताऱ्या सांगत. घरी बाळंतपणं व्हायची तेव्हा बाळ तसंच आईपाशी ठेवून सगळ्या वारेची वाट बघत बसायच्या. वार लवकर सुटावी म्हणून बाळंतिणीची वेणी तिच्याच तोंडात कोंबायच्या, म्हणजे ओकारी येऊन पोट आवळतं. मला हे ऐकून हसू यायचं आणि रागही यायचा. मी म्हणायचे, “मावशी, वारेला काय पाय असतात का वर चढायला?” त्या तोंडाला पदर लावायच्या आणि सुनेला मुकाट्याने माझ्या हवाली करायच्या.

मग एक दिवस आम्हाला नांदेडला प्रशिक्षणाला बोलावलं. शिकवणारे डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचे. ते म्हणाले, नाळ लगेच कापू नका. बाळ झाल्यावरही नाळेत धडधड चालू असते, वारेतलं रक्त बाळाकडे जात असतं, ते त्याच्या हक्काचं आहे. धडधड थांबेपर्यंत, दोन-तीन मिनिटं, थांबा. मागून कुणीतरी विचारलं, पण सर, आईचं काय? ते म्हणाले, आईला त्याने काही होत नाही. लवकर कापल्याने तिचं रक्त वाचतं हा आपला जुना समज होता. तिचं रक्त वाचतं ते सुईने. म्हणून सुईला थांबवायचं नाही. बाळ झाल्यावर मिनिटाच्या आत सुई द्या आणि मग निवांत नाळेपाशी उभ्या राहा.

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. वहीत लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. ती वही अजून माझ्या कपाटात आहे.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती आली. सकाळी नवाच्या सुमाराला, टमटममधून, पहिलटकरीण. बरोबर सासू होती. अंगाने काटक, बोलायला थेट, घरची शेती स्वतः उभं राहून करून घेणारी बाई. सून बाजेवर आडवी व्हायच्या आधीच तिने मला दारात गाठलं.

“बाई, माझं एक ऐका. वार पडल्याबिगर नाळ कापू नका. आमच्यात तसं हाय.”

एरवी मी तिला फटकारलं असतं. पण माझ्या डोक्यात प्रशिक्षण ताजं होतं आणि मला गंमत वाटली. मी म्हटलं, “मावशी, आता तर डॉक्टर लोकही तुमच्या बाजूनं झालेत. वार पडेपर्यंत नाही, पण नाळेची धडधड थांबेपर्यंत मी कात्रीला हात लावत नाही. चालेल?”

“चालंल की,” ती म्हणाली, आणि सुनेकडे वळून म्हणाली, “बघ, म्हणलं हुतं का न्हाई? सिस्टर लई शाहनी हाय.”

सून हसली. घामाने निथळत होती, तरी हसली. वरचा एक दात जरा पुढे आलेला. तिचा चेहरा मला पूर्ण आठवत नाही, तो दात आठवतो.

अकराच्या आसपास बाळ झालं. मुलगा. काही अडलं नाही, फाटलं नाही. मी त्याला पुसून आईच्या पोटावर पालथा घातला, वरून फडकं टाकलं, आणि दोन बोटांत नाळ धरली. जाड, निळसर, ओली. आतून ठोके लागत होते. इतकी वर्षं इतक्या नाळा कापल्या, पण कुठलीच मी अशी हातात धरून राहिले नव्हते. सासू उशाशी उभी राहून सुनेच्या केसांवरून हात फिरवत होती.

“चालू हाय का, बाई?”

“हाय.”

“अजून?”

“हाय, मावशी. दम धरा.”

बाळ आमच्या डोळ्यांदेखत लाल होत गेलं. आधी छाती, मग तळपाय. आयाबाई म्हणाली, बघा तरी, कसं भरत चाललंय. आम्ही चौघी बघत होतो. मला फार बरं वाटत होतं. आपण नवं काही शिकलो, ते म्हातारीला दाखवलं, तिचा मान राखला आणि शास्त्राचाही राखला, असं काहीतरी माझ्या मनात चाललं होतं. ठोके मंद झाले, मग थांबले. मी सावकाश एक चिमटा लावला, दुसरा लावला, कात्री घेतली, कापलं. कात्री ट्रेमध्ये ठेवायला गेले आणि तिथे सुई दिसली. भरून ठेवलेली. माझ्याच हाताने भरलेली.

इतकी वर्षं माझ्या हाताला सुईची आठवण कात्री करून द्यायची. कात्री खाली ठेवली की हात आपोआप सुईकडे जायचा, डोक्याला विचारावं लागायचं नाही. त्या दिवशी कात्री थांबली आणि तिच्याबरोबर सुईपण थांबली. मिनिटाच्या आत द्यायची ती किती वेळाने दिली, हे मी नंतर मनातल्या मनात कितीतरी वेळा मोजलंय. पाच मिनिटं तरी गेली असणार. जास्तही असतील.

मी पटकन सुई दिली. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. थोड्या वेळाने वार पडली, अख्खी पडली, आणि तिच्यामागून रक्त आलं. आधी वाटलं थांबेल. पोटावर हात दाबला तर गर्भाशय घट्ट लागायला हवं होतं, ते भिजलेल्या कणकेसारखं हाताखाली दबत होतं. मी डॉक्टरांना हाक मारली. दोन्ही हातांना सलाईन, पुन्हा सुई, पोट चोळणं, जे जे करायचं ते सगळं केलं. मग गाडी बोलावून नांदेडचा रस्ता धरला. बाळ आयाबाईकडे राहिलं. सासू आणि मी मागे तिच्यापाशी.

धर्माबाद भागात त्या दिवसांत रस्त्याच्या कडेला, अंगणांत, मोकळ्या रानात मिरच्या वाळत घातलेल्या असतात. वारा सुटला की तिखट धूळ उडते. गाडीत ती धूळ शिरली आणि आम्ही सगळे खोकायला लागलो. ड्रायव्हर खोकला, सासू खोकली, मी खोकले. ती खोकली नाही. मी तिचं मनगट धरून बसले होते. नांदेड यायला अजून बराच रस्ता होता.

मोठ्या दवाखान्यात पोचल्यावर त्यांनी तपासलं आणि मान हलवली. बाहेर व्हरांड्यात मी भिंतीला टेकून उभी होते. माझ्याबरोबर शिकलेली एक सिस्टर तिथे नोकरीला होती. ती धावत आली, कसं झालं गं, म्हणाली. मी म्हटलं, “थांबायला नको होतं. नाळ कापायला थांबले, तिथंच घात झाला.”

सासू पायरीवर बसली होती, चार हातांवर. माझा आवाज काही बारीक नाही. तिने वर मान करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

परत आल्यावर मी केस पेपर लिहायला बसले. सुईच्या रकान्यात बाळ झाल्याच्या मिनिटाची वेळ टाकली. पेन जरासुद्धा अडखळलं नाही, याचं मला आज आश्चर्य वाटतं. पुढे जिल्ह्याच्या चौकशीच्या बैठकीत मी तेच सांगितलं, थांबले म्हणून झालं. तेच प्रशिक्षणवाले डॉक्टर समोर बसले होते. ते म्हणाले, “सिस्टर, थांबण्यानं आईला धोका नसतो. सुई दिली होती ना वेळेवर?”

“दिली होती, सर.”

“मग नाइलाज. कधी कधी देऊनही गर्भाशय आकसत नाही.”

ते माझ्याकडे दयेने बघत होते. मला ते बोचलं, पण जीव भांड्यात पडला हेही खरं. नोकरी राहिली, नाव राहिलं.

आणि मग मी आणखी एक वाईट गोष्ट केली. मी कानाला खडा लावला, पण चुकीच्या गोष्टीचा. पुन्हा झटक्यात नाळ कापायला लागले. केस पेपरवर मात्र ‘थांबून कापली’ असं लिहायचे. नव्या मुली आल्या त्यांना सांगायचे, त्या नादाला लागू नका, मी एक बाई घालवलीय. माझ्या अनुभवापुढे त्या काय बोलणार? त्यांनीही थांबणं सोडलं. किती लेकरांना त्यांच्या वाट्याचं रक्त मिळालं नाही, त्यांतली किती फिकट राहिली, मला माहीत नाही. एका खोट्याला टेकू द्यायला मी रोज नवं खोटं उभं करत होते आणि त्याला काळजी म्हणत होते.

दीड वर्षाने माझी लातूरला बदली झाली. तिथल्या दवाखान्यात माझ्या हाताखाली एक सिस्टर आहे, निम्म्या वयाची. पहिल्याच आठवड्यात ती बाळंतपण कसं करते ते बघायला उभी राहिले. बाळ झालं, तिने ते आईच्या पोटावर घातलं, दुसरं बाळ नाही ना हे पोटावर हात ठेवून पाहिलं, आणि आधी सुई दिली. मग नाळ धरून उभी राहिली. आपल्या घरी भाजी कोणती करायची यावर आयाबाईशी बोलत होती. तीन मिनिटांनी कापली. वार पडली, पोट घट्ट, रक्त जेमतेम. मी हे एकदा पाहिलं, दहादा पाहिलं, मोजायचं सोडून दिलं. कुणीही नाळेपायी गेली नाही.

तेव्हापासून माझ्या बोटांना त्रास सुरू झाला. अंगठा आणि त्याच्याजवळचं बोट. तांदूळ निवडताना, मोबाईल धरताना, एसटीत दांड्याला धरून उभं असताना त्या दोन बोटांच्या मध्ये ठोके लागायला लागतात. माझी स्वतःची नाडी असेल, मला कळतं. पण ते आधी मंद होतात आणि मग थांबतात, आणि थांबले की मला लगेच काहीतरी द्यायचं राहिलंय असं वाटून मी उठून उभी राहते. एकदा भर लग्नाच्या पंगतीत अशी उठले. शेजारची म्हणाली, काय हवंय, ताई? मी म्हटलं, पाणी.

या उन्हाळ्यात त्या जुन्या गावच्या आयाबाईच्या मुलीचं लग्न होतं. तिने चार वेळा फोन केला. जायचं नाही असं ठरवूनही मी गेले. लातूरहून नांदेड, नांदेडहून पुढची गाडी. मांडवात पोचले तर अर्ध्या बाया ओळखीच्या, त्यांची पोरं माझ्या हातची. कुणी म्हणाली, सिस्टर, वाळल्या की हो तुम्ही, वरडायला कुणी गावंना का लातुरात? मी हसले. अक्षता पडल्या, लोक जेवायला बसले, आणि मांडवाच्या मागच्या बाजूने ती सासू आली. केस पुरते पांढरे झालेले. तिने आधी माझ्या पायांना हात लावला. मी मागे सरले. माझ्याहून ती वडील.

“मावशी, हे काय करता?”

“बाई, लई दिसांपासून तुमाला इचारायचं हुतं. तुमी मला शिव्या तरी द्यायच्या हुत्या.”

“शिव्या? कशासाठी?”

“मी त्या दिशी म्हणलं नसतं तर तुमी टायमावर नाळ कापली असती. दवाखान्यात तुमीच म्हणल्या न्हाई का, थांबायला नको हुतं म्हणून? माझ्या बोलण्यापायी थांबल्या तुमी. माझी सून मीच मारली, बाई. तुमी कधी कुणाला सांगितलं न्हाई, माझी इज्जत राखली.”

त्या व्हरांड्यातल्या वाक्याने मी स्वतःला वाचवलं, एवढंच मला वाटत होतं. ते कुणाच्या अंगावर जाऊन पडलं हे मी एकदाही पाहिलं नव्हतं. सुटायला वाट होती. असं मनाला लावून घेऊ नका, तिचं आयुष्य तेवढंच होतं, असं म्हटलं असतं तर ती डोळे पुसून गेली असती. तोंडाशी आलंही होतं.

मी तिला मांडवाच्या बाहेर लिंबाखाली नेलं.

“मावशी, मी तुमच्या म्हणण्यानं थांबले नव्हते. थांबायला आम्हाला शिकवलंच होतं. आणि थांबल्यानं ती गेली नाही. थांबल्यानं कुणी जात नाही. बाळ झाल्याबरोबर आईला एक सुई द्यायची असते, रक्त थांबायची. ती द्यायची मी विसरले. उशिरा दिली. आणि कागदावर वेळेवर दिली असं लिहिलं.”

तिला कळलं नाही की काय, म्हणून मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं तर तिने हाताने थांबवलं.

“टायमावर दिली असती तर वाचली असती?”

“नक्की सांगता येत नाही. बहुतेक वाचली असती.”

“अन् तुमाला हे तवाच ठावं हुतं?”

“हो.”

“मंग तसं कामून म्हणल्या?”

“भ्याले, मावशी.”

“हाव,” ती म्हणाली. “मी बी भ्याले.”

कशाला ते मी विचारलं नाही, तिनेच सांगितलं. लेकरू घरी आलं त्या दिवसापासून तिने त्याला हात लावला नव्हता. बारशाला पाळण्याला दोरी धरली नाही. न्हाऊ घातलं नाही, कडेवर घेतलं नाही, घास भरवला नाही. माझ्या जिभेनं ह्याची माय नेली, हाताचा काय गुण येईल, असं तिच्या मनाने घेतलं होतं. मोठ्या सुनेने त्याला वाढवलं. घरच्यांना वाटलं, म्हातारी दुःखाने कठोर झाली. तीन वर्षं एका घरात, एका अंगणात ती त्याच्यापासून लांबून चालत होती.

माफ करा, एवढा शब्द मी तिला म्हणाले. तिने तो ऐकला की नाही, कोण जाणे. ती मांडवाकडे निघाली होती.

मोठी सून खांबापाशी उभी होती आणि तिच्या पदराला धरून तो. गुटगुटीत, लालबुंद, माझ्या हातात नाळ असताना भरत गेलेला. म्हातारी त्याच्यापासून चार पावलांवर खाली बसली, दोन्ही गुडघे टेकून, आणि दोन्ही हात पुढे केले.

“ये रं माझ्या राजा. ये, माझ्याकडं ये.”

त्याने तिच्याकडे पाहिलं. घरातलीच म्हातारी, रोज दिसणारी, पण ती आपल्याला कशाला बोलावतेय हे त्याला कळेना. तो काकूच्या मागे सरकला आणि तिच्या लुगड्यात तोंड लपवून रडायला लागला. काकू म्हणाली, अरे, आज्जी हाय, जा की. तो गेला नाही. म्हातारीने हात खाली घेतले नाहीत.